छप्पन्नानंतरचा टोला

ब्रह्मपुरी, जि. चांदा
१४ एप्रिल १९५४

वामन,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. तुझी खुशाली विचारायला लिहीत नाही, ती तू सांभाळत असशीलच. एक काम आहे आणि ते तुझ्यावाचून होण्यासारखं नाही.

तुझा माधव वीस वर्षांचा झाला. मॅट्रिकनंतर जनपद सभेच्या शाळेत लागला. नागभीडहून बैलबंडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर पळसटोला म्हणून गाव आहे, तिथे एकटाच मास्तर. शाळेची एक खोली, पुढे मोकळी जागा, मग नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. गाव तिथेच संपतं. सीमेचा दगड नाल्याच्या अलीकडच्या काठावर आहे.

फेब्रुवारीअखेरीस मोहफुलं वेचायला गेलेल्या दोन बायका वाघाने नेल्या. पहिली सोमारी. दुसरी चंदा, गावच्या कोतवालाची, लटारूची बायको. चांद्याहून शिकारी आला, नऊ दिवस मचाणावर बसला आणि मच्छर चावून घेऊन परत गेला. लोक दिवस असतानाच दारं लावू लागले. शाळेत मुलं येईनात. तेव्हा तुझ्या चिरंजीवाला वाटलं, माणसं घराबाहेर काढायला खेळ मांडावा. १२ मार्चच्या संध्याकाळी त्याने बॅट काढली.

ती बॅट तुला माहीत नाही. धावड्याच्या लाकडाची आहे. तू एकेचाळीस साली कागदावर काढून पाठवलेल्या चित्राबरहुकूम त्याने स्वतः तासली. चेंडू चिंध्यांचा, वरून सुतळी, डिंकात बुडवून वाळवलेला. लटारू फेकतो. रोज तीन चेंडू. तीनांतला एक तरी टोला नाल्यापार गेला पाहिजे, असा माधवचा नियम. पहिल्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी गेला. आज तेहतीस दिवस झाले, एकही संध्याकाळ चुकली नाही. आणि या तेहतीस दिवसांत गावातलं माणूस काय, शेळीसुद्धा गेली नाही.

आता गावाने त्याचा अर्थ लावला आहे. कोलू म्हणून तिथला भूमक आहे, गावाची सीमा मंत्राने बांधणारा. तो रोज संध्याकाळी एका दोराला एक गाठ मारतो. माधव सुटीतही ब्रह्मपुरीला येत नाही, कारण लोक येऊ देत नाहीत. परवा निरोप आला, मास्तरला ताप आहे, पण खेळतो.

मला तुझ्याकडून एक पत्र हवं. त्या वर्षी तू आठवड्याआड लिहीत होतास, तुझ्या अमेरिकेतला तो डिमॅजिओ नावाचा बेसबॉल खेळाडू ओळीने प्रत्येक सामन्यात टोला मारतो, माळ तुटत नाही. सिस्लरचे एकेचाळीस सामने मागे पडले, कीलरचे चव्वेचाळीस मागे पडले. मध्येच त्याची बॅट चोरीला गेली आणि दुसऱ्याची बॅट घेऊन त्याने टोला मारला. शेवटी १७ जुलैला तुझ्याच क्लीव्हलंडमध्ये, सदुसष्ट हजार लोकांसमोर, छप्पन्नावर माळ तुटली. तू त्या सदुसष्ट हजारांत होतास. ते सगळं पुन्हा लिही. माळ कशी तुटली, तुटल्यावर तो माणूस घरी गेला, जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला आला, हे लिही. पाल्हाळ नको.

आणि बाळबोध अक्षरात लिही. मोडीत लिहू नकोस. का ते विचारू नकोस.

द्वारका


ब्रह्मपुरी
२५ एप्रिल, रविवारी सकाळी

वामन,

उत्तर नाही. माझं पत्र अजून वाटेत असेल, हे समजून घेते.

गुड फ्रायडेच्या सुटीला जोडून दोन दिवस पळसटोल्याला जाऊन आले. पाहिलं तेवढं लिहिते, त्यावरून तर्क तू कर.

माधव वाळला आहे. डोळे खोल गेले आहेत. मी म्हटलं, "चल घरी, शाळा मी पाहते." तो म्हणाला, "आत्या, मी गेलो आणि कोणी गेलं तर?" मी म्हटलं, वाघाला तुझ्या चेंडूची काय पडली आहे? त्याने मला बाहेर नेलं आणि सीमेच्या दगडावर ठेवलेला चेंडू दाखवला. आदल्या संध्याकाळी नाल्यापार, बांबूत गेलेला. सुतळीवर डाग होते आणि तो ओला होता. नाला या दिवसांत कोरडा ठणठणीत असतो.

गेला महिनाभर रोज सकाळी चेंडू असा परत येतो. नेहमी दगडाच्या मधोमध. मी कोतवालाला म्हटलं, डिंकाच्या वासाने कोल्हा आणत असेल.

लटारू म्हणाला, "कोल्हा आणते त् खाली टाकते जी. दगडावर ठेवत नाई." मग जरा थांबून म्हणाला, "आन् बाई, कोल्हा पुसून नाई ठेवत."

त्याच्या बोलण्यात रडगाणं नसतं, याचं मला आश्चर्य वाटतं. बायको जाऊन दीड महिना झाला. रोज पदरच्या चिंध्या काढून तोच चेंडू बांधतो. एकदा माधवने विचारलं तेव्हा म्हणाला, "चंदीचं लुगडं होये मास्तर. घरात ठेवून काय करू? फेकाले तरी कामाचं."

एका दिवशी माधवची बॅटही गेली होती. शाळेच्या कुलूपबंद खोलीतून. त्या संध्याकाळी माधव कुदळीच्या दांड्याने खेळला आणि टोला पार गेला. चौथ्या दिवशी बॅट दगडाला टेकवून उभी केलेली सापडली. माधव हसून म्हणाला, "डिमॅजिओसारखंच झालं ना, आत्या?" मला ते हसू आवडलं नाही.

संध्याकाळी सगळं गाव जमतं. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. माणसं उभी राहतात, चेंडू पार गेला की घरी जातात. कोलू भूमक गाठ मारतो. मी त्याला खडसावलं, एका आजारी पोरावर गावाचा जीव टांगता, लाज वाटत नाही? म्हातारा शांतपणे म्हणाला, "टांगला नाई, बाई. त्यानं सोता टांगून घेतला. आमी त् फकत गाठ मारतो."

मग त्याने मला तिथली एक रीत सांगितली. दिवस मावळताना बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच. वाघाने नेलेलं माणूस त्याच्या मानेवर बसून फिरतं आणि आपल्या माणसाचा आवाज काढून हाका मारतं म्हणे, पण त्याला दोनच हाका येतात. "तिसरी त्याच्या तोंडातून निघतच नाई." म्हणून त्या गावात कोणी कोणाला बोलवायचं तर तीनदा बोलावतं. शेजारणीकडे विस्तव मागायचा तरी तीन हाका. मी तिथे होते तेव्हा सारखं डोकं उठत होतं.

मी कोलूला म्हटलं, माझ्या घरी उलट शिस्त आहे. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर छडी. माधव तसाच वाढला आहे. म्हातारा माधवकडे बघत राहिला.

आज पंचेचाळीसावा दिवस. म्हणजे आज टोला लागला की कीलर मागे पडेल. हिशेब मी ठेवते आहे हे माझं मलाच चमत्कारिक वाटतं.

लवकर लिही.

द्वारका


ब्रह्मपुरी
३ मे १९५४

वामन,

आज त्रेपन्न. तुझं पत्र आलेलं नाही. शाळेला सुटी लागली, उद्याच्या गाडीने मी नागभीडला जाते आणि तिथून पळसटोल्याला. आता तिथेच लिही. लटारू टपाल आणतो.

जाण्याआधी बाळबोध अक्षराचं कारण लिहिते. पत्र तुला अर्धवट कळलं तर तू अर्धवटच उत्तर देशील.

एकेचाळीसच्या जूनमध्ये तू माधवला लिहिलं होतंस, "याची माळ तुटली की मी घरी येईन." तू थट्टेत लिहिलं असशील. तो सात वर्षांचा होता. आई नसलेलं पोर. मी वाचून दाखवल्यावर त्याने ते वाक्य घोकून घोकून पाठ केलं. रोज शाळेतून आला की पहिला प्रश्न, "आत्या, तुटली?" देवापुढे हात जोडून एका परक्या माणसाचा टोला चुकावा म्हणून प्रार्थना करायचा. मग ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं, तुटली म्हणून. पुढे डिमॅजिओने आणखी सोळा सामने टोले मारले, ते कौतुक दोन पानं. घरी येण्याबद्दल एक ओळ नाही.

मी ते पत्र त्याला वाचून दाखवलं नाही. दाखवलं, पण वेगळं. कागद तुझाच, अक्षर तुझंच मोडी. त्याला मोडी येत नव्हती, आता कोणालाच येत नाही. मी कागदावर डोळे ठेवून म्हटलं, माळ चालू आहे. तो म्हणाला, "मग बाबांचा इलाज नाही."

तेवढं मला पुरलं. तुला खोटं ठरवण्यापेक्षा ते बरं वाटलं. मग युद्ध आलं, तुझी पत्रं कमी झाली, मी जुनीच पत्रं पुढे धरून नवीन वाचत राहिले. पाच वर्षं. डिमॅजिओ सैन्यात गेला, परत आला, पुन्हा टोले. एक्कावन्नात तो खेळातून निवृत्त झाल्याचं वाचलं तेव्हा मी माधवला सांगितलं, माळ शेवटपर्यंत तुटली नाही. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभी करते, वामन. पंचवीस वर्षं करते आहे.

तर माधवच्या लेखी जगात एक माणूस असा होऊन गेला की ज्याचा टोला कधी चुकला नाही. म्हणून आपल्याला चुकता येत नाही असं तो धरून बसला आहे. मी तोंडाने सांगितलं तर त्याला वाटेल, घरी नेण्यासाठी आत्या बोलते. तुझ्या अक्षरात, त्याला वाचता येईल असं हवं.

आणखी एक. पहिल्या पत्रात सहा वर्षांचा खंड का पडला ते मी टाळलं. तू लिहिणं सोडलं नव्हतंस. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत तू लिहिलं होतंस की तिथे लग्न केलं आहे, घर आहे, माधवला पाठवून दे. ते पत्र मी चुलीत घातलं आणि तुला कळवलं की पुन्हा लिहू नकोस. माधवला यातलं काही माहीत नाही. त्या वेळी तो चौदा वर्षांचा होता आणि मला दुसरं कोणी नव्हतं.

द्वारका


पळसटोला
८ मे १९५४, दुपारी

वामन,

सगळं क्रमाने लिहिते.

परवा गुरुवारी छप्पन्नावा टोला गेला. चेंडू बांबूच्या शेंड्यावरून गेला, पडल्याचा आवाज आला नाही. काल सकाळी तुझ्या पत्राची वाट पाहणं सोडून मी माधवला सगळं सांगितलं. तो शाळेच्या पायरीवर बसून पेज पीत होता. मी सांगत गेले, तो पीत गेला. वाटी खाली ठेवून त्याने विचारलं, "छप्पन्नावर तुटली?"

"हो."

"म्हणजे बाबांनी यायला हवं होतं."

"हो."

"आले नाहीत."

मी चुलीतल्या पत्राचंही सांगितलं. त्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ बॅटच्या मुठीची दोरी सोडत आणि बांधत बसला. मग म्हणाला, "डिमॅजिओची तुटली ते मला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते आले नसतील. माझी मी तोडून बघतो."

मी म्हटलं, वेडेपणा करू नकोस, माळ सोड आणि गुपचूप घरी चल. तो म्हणाला, "सोडणं आणि तुटणं वेगळं, आत्या."

संध्याकाळी गाव जमलं. लटारूने पहिला चेंडू फेकला. माधवने बॅट खांद्यावरून हलवलीच नाही. चेंडू त्याच्या मागे पडला. दुसरा तसाच. तेव्हा लटारू त्याच्याजवळ गेला. मी जवळच होते, ऐकलं.

"मास्तर, काऊन असं करून राह्यले? ताप हाये का?"

"ताप नाही, लटारूभाऊ. फेका."

"मी नाई फेकत."

"फेका. तुमच्या चंदाबाईची शपथ."

लटारूने तिसरा फेकला. इतका हळू फेकला की लहान पोरानेही मारला असता. माधवने तो जाऊ दिला.

बायका पोरांना घेऊन पळाल्या. कोलू दोर हातात घेऊन तसाच उभा. पावणेसातचा सुमार, ऊन गेलं होतं, उजेड होता. मग नाल्यापलीकडून हाक आली.

"माधू!"

त्याला त्या नावाने आजवर एकच माणूस हाक मारत आला. मी कधी मारली नाही. तू सोडून गेलास तेव्हा तो तीन वर्षांचा होता, त्याला तुझा आवाज आठवणं शक्य नाही. मला आठवतो. शेवटचं अक्षर तू थोडं वर उचलतोस, आई रागवायची त्याबद्दल. तसंच उचललेलं होतं.

लटारूने त्याचा सदरा धरला. "एकच हाक झाली जी, मास्तर! ओ देऊ नोका! एकच झाली!"

मला शब्द सुचला नाही. माधव "ओ! आलो!" म्हणाला, बॅट टाकली आणि नाला ओलांडून गेला. सदऱ्याची बाही लटारूच्या हातात राहिली. बांबूत कोणीतरी उभं होतं. टोपी होती, इथले लोक घालतात तशी नव्हे.

आज सकाळी वीस माणसं भाले आणि कुऱ्हाडी घेऊन गेली. मीही गेले. नाल्याच्या वाळूत माधवची अनवाणी पावलं आहेत, धावत गेलेली. पलीकडच्या काठावर दुसरी पावलं आहेत. बुटाची, टाच असलेली, आमच्याकडे तोंड करून उभी. तिथून दोघांची शेजारी शेजारी बांबूपर्यंत गेली आहेत. पुढे काही नाही. वाघाचं पाऊल नाही, रक्त नाही, फांदी मोडलेली नाही.

काल माधवने सोडलेले तीन चेंडू आमच्या बाजूला, शाळेच्या भिंतीपाशी पडले होते. मी स्वतः पाहिले होते. आज ते तिन्ही नाल्यापलीकडे सापडले. बॅट शाळेपुढे नव्हती.

तू आला होतास का? एवढंच लिही. आला असलास आणि मुलगा तुझ्याजवळ असेल, तर माझी काहीही तक्रार नाही. मला शिव्या दे, तोंड पाहू नको म्हण. फक्त लिही.

द्वारका


पळसटोला
१९ मे १९५४

वामन,

तुझं पत्र ब्रह्मपुरीहून फिरून आलं, काल लटारूने आणलं. बाळबोध अक्षरात, सांगितल्याप्रमाणे. शाळकरी मुलासारखं काढलं आहेस. तीनदा लिहून फाडलं म्हणून उशीर झाला म्हणतोस. त्या तिसऱ्या कोपऱ्यावरच्या खेळाडूने दोनदा चेंडू कसा अडवला, शेवटचा चेंडू मातीत कसा उसळला, सगळं आहे. माणूस घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळला. चांगलं लिहिलं आहेस. वाचणारा नाही.

पत्रावर ७ मे आहे, क्लीव्हलंड. शिक्काही तोच. म्हणजे तू आला नव्हतास.

शेवटी तू लिहितोस, "आत्ता सकाळचे सव्वानऊ झाले. पोराला काय म्हणून हाक मारायची तेच सुचेना, म्हणून मोठ्याने एकदा म्हणून पाहिलं, माधू. सतरा वर्षांनी. घरात कोणी नव्हतं. तरी कोणीतरी ओ दिली असं वाटलं, म्हणून दार उघडून पाहिलं."

भूगोल मी पंचवीस वर्षं शिकवला आहे. तुझ्याकडचे उन्हाळ्यातले सकाळचे सव्वानऊ म्हणजे आमच्याकडचे संध्याकाळचे पावणेसात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला शब्द सुचला नाही. ते खोटं होतं. लटारूने सदरा धरला तेव्हा माधव थांबला होता. माझ्याकडे वळून पाहत होता, लहानपणी पाहायचा तसा, परवानगी मागितल्यासारखा. मी म्हणाले, "तुझे बाबाच आहेत. पहिल्या हाकेला ओ द्यायची, विसरलास?" मग तो गेला.

गाव सुखरूप आहे. त्या दिवसापासून कोणी गेलं नाही. तेंदूपत्ता तोडायला बायका नाल्यापलीकडे जातात, गाणी म्हणत परत येतात. मी जेवले का ते येऊन विचारतात. रोज दिवस मावळताना बांबूतून धावड्याच्या लाकडावर चेंडू बसल्याचा आवाज येतो, एकच, खणखणीत. रोज सकाळी दगडावर चेंडू असतो, पुसलेला. कोलू गाठ मारतो. काल मी मोजल्या. सातव्या तारखेचीही गाठ आहे. "तुटली नाई, बाई," म्हातारा म्हणाला. "खेळणारा फकत त्या बाजूले गेला."

लटारू मला रोज सांगतो, "बाई, जा जी घरी. इथी काय हाये तुमचं?" मी जात नाही. पंधरा जूनला माझी शाळा उघडेल, तिथे दुसरी बाई नेमा असं मी ब्रह्मपुरीला कळवलं आहे.

परवा संध्याकाळी त्या टोल्यानंतर नाल्यापलीकडून हाक आली. "आत्या." मी पायरीवर बसले होते. ओ ओठांवर आली होती. लटारूने माझ्या तोंडावर हात ठेवला. परका पुरुष, कोतवाल. मी तो हात दूर केला नाही.

काल दोन आल्या. "आत्या. आत्या." मग शांत. मी उजेड जाईपर्यंत बसले. तिसरी आली नाही.

कोलू म्हणतो, तिसरी येणारच नाही. असेल. पण तो मुलगा माझ्या हाताखाली वाढला आहे, वामन. दोनदा चुकलेलं गणित तिसऱ्यांदा सोडवल्याशिवाय त्याला मी कधी उठू दिलं नाही.

आता साडेसहा झाले आहेत. हे पत्र पाकिटात घालते. पायरीवर लटारू आधीच येऊन बसला आहे आणि आज त्याने हात मांडीवर ठेवले आहेत. मी त्याला सांगितलं आहे, तिसरी आली तर मला धरू नकोस.

द्वारका